जोखीम जिल्ह्याची नको, वाटेची मोजा

३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य सचिव प्रीती सूदन यांनी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवले. सोबत देशातल्या सगळ्या जिल्ह्यांची, कोविडच्या जोखमीनुसार रंग दिलेली यादी होती. १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे. यवतमाळ लाल होता. आदिलाबाद, नांदेड आणि चंद्रपूर नारिंगी. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा पैनगंगेचा पूल महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यात सुरू होतो आणि तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात संपतो. ४ मेपासून टाळेबंदीचा तिसरा टप्पा लागला, तेव्हा त्या पुलाच्या अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा, असा कारभार सुरू झाला.

रंग ठरवण्याचे निकष वरवर पाहता योग्यच होते. सक्रिय रुग्ण किती, रुग्णसंख्या किती दिवसांत दुप्पट होते, तपासण्या किती झाल्या, पाहणीतून काय कळले, हे सगळे त्यात धरले होते. ज्या जिल्ह्यात २१ दिवसांत एकही नवा रुग्ण नाही, तो हिरवा. हातात वेळ नव्हता, माहिती अपुरी होती आणि १३० कोटींच्या देशाला काहीतरी ठरवून सांगणे भाग होते. त्या आठवड्यात दिल्लीत बसून ही यादी करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. प्रश्न निराळा आहे. पाच-सहा वर्षे उलटली, तरी सरकारी पद्धतीत जोखीम अजूनही जिल्ह्यागणिक आणि राज्यागणिकच मोजली जाते. २०२०मध्ये यवतमाळ शहराच्या दाट वस्तीला आणि पैनगंगेजवळच्या पाटणबोरीला एकच रंग मिळाला. आणि नदीचा पलीकडचा काठ मात्र दुसऱ्याच हिशेबात गेला.

आदिलाबादकडे पाहिले की या पद्धतीतला दोष जितका उघड होतो, तितका क्वचितच कुठे होत असेल. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दोन्ही नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे १९५९मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात गेला. कागदावर रेघ ओढली गेली, सोयरीक काही तुटली नाही. बेला, जैनथ, तलमडगू या मंडलांतल्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते, जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. बेल्याहून निघालेला रस्ता सरळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याला जातो आणि पुढे गडचांदूर-राजुऱ्याला. बेल्याची लेक कोरपन्यात दिलेली असते, कोरपन्याचा कापूस बरा भाव मिळाला तर आदिलाबादच्या बाजारात येतो. रेल्वेचे तर आणखीच. आदिलाबाद स्थानकाचा कारभार वर्षानुवर्षे नांदेड विभागातून चालत आला आहे आणि मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करीत इथे पोहोचते. हैदराबाद इथून सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. मोठे दुखणे निघाले की गाडी कोणत्या दिशेला वळते, हे सांगायला नकाशा लागत नाही. उलटही घडते. आदिलाबाद शहरातले राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय, ज्याला सगळे ‘रिम्स’ म्हणतात, ते नदीपलीकडच्या गावांनाही जवळचे वाटते.

याहून टोकाचे उदाहरण शेजारीच आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातली चौदा गावे आपली असल्याचे महाराष्ट्र म्हणतो आणि तेलंगणाही म्हणतो. २०१६मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हापासून तेलंगणाच्या कागदांत ती कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहेत. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, कोटा अशी त्यांची नावे. अनेक घरांत दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आणि दोन्हीकडची शिधापत्रिका. साथीच्या काळात एखादे गाव एकाच वेळी दोन राज्यांच्या आदेशाखाली असू शकते, ही शक्यता कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत बसत नाही.

जोखीम म्हणजे नेमके काय, हे एकदा सोप्या शब्दांत मांडायला हवे. विषाणू किती घातक, माणूस त्याच्या किती वेळा आणि किती जवळ जाणार, आणि आजारी पडलाच तर त्याला तोलून धरणारे काय आहे, या तीन गोष्टींचा तो एकत्रित हिशेब असतो. पहिली गोष्ट प्रयोगशाळा सांगते. उरलेल्या दोन गोष्टी मात्र गावात जाऊनच कळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळायला लागतात. आदिलाबाद जिल्ह्याच्या उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर भागातली गोंड आणि कोलाम कुटुंबे पहाटेच रानात जातात, कारण ऊन चढले की फूल सुकते आणि जनावरे खातात. २५ मार्च २०२०ची टाळेबंदी नेमकी या हंगामावर आली. उघड्या रानात, एकमेकांपासून लांब वाकून फुले वेचणाऱ्या माणसांना संसर्गाचा धोका किती होता? जवळजवळ नाहीच. आणि वर्षभराचा एक आधार बुडण्याचा धोका? तो खरा होता, पण त्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य शहरातल्या सदनिकेसाठी जितके खरे होते, तितके ते रानाशेजारच्या गुड्यासाठी, म्हणजे आदिवासी पाड्यासाठी, नव्हते.

घरातल्या विलगीकरणाच्या नियमांचेही तेच. रुग्णाला हवेशीर स्वतंत्र खोली, शक्यतो स्वतंत्र शौचालय, काळजी घेणारी एक व्यक्ती, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि प्राणवायूची पातळी ९४च्या खाली गेली तर डॉक्टरांना फोन. वैद्यकीयदृष्ट्या यात काही चूक नाही. पण मे २०२१मध्ये तेलंगणाच्याच नलगोंडा जिल्ह्यातल्या कोत्तानंदिकोंडा या गावात अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला संसर्ग झाला. घरात खोली एकच आणि माणसे चार. त्याने अंगणातल्या झाडावर बांबूचा माच बांधला आणि अकरा दिवस त्यावर काढले. पोराच्या जिद्दीचे कौतुक वर्तमानपत्रांनी भरभरून केले. मात्र सूचना लिहिणाऱ्याने एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणलेच नव्हते, ही त्या बातमीतली खरी बाब फारशी कोणी पुढे नेली नाही. तेलंगणातल्या वाड्या-तांड्यांवर एका खोलीचे घर हा अपवाद नाही.

सिकलसेलचे उदाहरण अधिक गंभीर आहे. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात, आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांतही, हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. न्यूमोनिया किंवा प्राणवायूची कमतरता अशा रुग्णाला फार लवकर संकटात नेते. १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वर्षांच्या ज्यांना सहव्याधी आहेत, त्यांचे लसीकरण सुरू झाले. त्यासाठीच्या वीस आजारांच्या यादीत सिकलसेल होता, हे श्रेय द्यायला हवे. परंतु हा आजार लहानपणापासून छळतो, त्याचे बहुतेक रुग्ण तरुण असतात आणि कित्येकांचे निदानच झालेले नसते. त्यातून डॉक्टरांच्या सहीचे प्रमाणपत्र हवे. पुढे १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना दार उघडले, तर सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची. नारनूरच्या डोंगरातल्या वस्तीवर मोबाइलला रेंज शोधायची तर टेकडी चढावी लागते. केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवण्याची मुभा २४ मे २०२१ला मिळाली. तोवर दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेला होता.

वरून येणाऱ्या सल्ल्याचा इतिहासही इथे आठवायला हवा, कारण गावातल्या माणसाचा विश्वास त्यावरच उभा राहतो किंवा पडतो. जानेवारी २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत जगासाठीची जोखीम ‘मध्यम’ असे छापले गेले. मग ती चूक असल्याचे सांगून ‘उच्च’ अशी दुरुस्ती झाली आणि २८ फेब्रुवारीला ‘अत्युच्च’. मार्चच्या अखेरीस याच संघटनेने हा विषाणू हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगितले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्या म्हणून विनवले. मुखपट्टीबद्दल एप्रिलमध्ये सर्वसामान्यांना गरज नाही असा सूर होता, जूनमध्ये गर्दीत कापडी पट्टी लावा असा सल्ला आला. संघटनेच्या तत्कालीन प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी पद सोडताना, हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल आधीच स्पष्ट बोलायला हवे होते, ही खंत उघडपणे व्यक्त केली. आपल्याकडे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि आयव्हरमेक्टिन घराघरांत पोहोचली आणि मे २०२१च्या अखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सुधारित सूचनांतून ती गळाली.

ज्ञान वाढते तसा सल्ला बदलतो, यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. घोटाळा होतो तो बदलाचे कारण न सांगितल्यामुळे. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असे आदेश येत राहिले की बेल्याच्या चहाच्या टपरीवर बसलेला शेतकरी म्हणतो, यांनाच काही माहीत नाही. मग मोबाइलवर आलेला काढ्याचा नुसखा आणि सरकारी पत्रक त्याच्या लेखी एकाच तोलाचे होतात. आज एवढे कळले आहे, एवढे अजून कळायचे आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा सांगू, अशा भाषेत एखादे सरकारी पत्रक गावात कधी वाचले गेल्याचे कोणाला आठवते का? माणसे अडाणी नसतात. पाऊस, किडी आणि कापसाचा भाव यांचा अंदाज घेत आयुष्य काढणाऱ्याला अनिश्चितता समजावून सांगावी लागत नाही. ती लपवली की मात्र त्याला लगेच कळते.

एका धोक्यावर सगळा प्रकाश टाकला की बाकीचे धोके अंधारात कसे वाढतात, तेही याच नदीकाठाने पाहिले. एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत, निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्याआधी ३१ जानेवारीला त्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांच्या तोंडात सॅनिटायझर गेले. सुदैवाने मुले वाचली. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि दुकान अचानक बंद केले तर व्यसनी माणूस हाताला लागेल ते पितो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. टाळेबंदीचा आदेश लिहिताना ते कोणी विचारले नाही. जिल्ह्याच्या कोविड मृत्यूंच्या आकड्यात ते सात जण नाहीत.

आता दुसऱ्या लाटेची सुरुवात पाहू. फेब्रुवारी २०२१मध्ये विदर्भात रुग्ण झपाट्याने वाढू लागले. २२ तारखेपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली, यवतमाळ आणि अकोल्यातही निर्बंध आले. तेलंगणाने महाराष्ट्राच्या सीमेवर प्रवाशांचे तापमान पाहायला सुरुवात केली. थर्मल गनने ताप कळतो. ज्याला अजून ताप आलेला नाही पण जो संसर्ग पसरवतो आहे, तो बिनदिक्कत पुढे जातो. महामार्गावर तपासणी होती, पण पैनगंगा उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पायी ओलांडता येते. महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांत विषाणूचे दुहेरी उत्परिवर्तन सापडल्याचे केंद्राने जाहीर केले ते २४ मार्चला. पुढे त्याच कुळातल्या विषाणूला जगाने डेल्टा म्हटले. अमरावती-यवतमाळला काय घडते आहे, हे लगतच्या आदिलाबादला अधिकृतपणे आणि आठवड्याच्या आत कळण्याची वाट त्या वेळी असती तर? खाटा, प्राणवायू, परिचारिका यांची जुळवाजुळव करायला महिनाभर हाताशी होता.

तशी वाट नाही, कारण माहितीचा कागद खालून वर जातो. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४पासून चालतो. प्राथमिक केंद्राची नोंद जिल्ह्याला, जिल्ह्याची राज्याला, राज्याची दिल्लीला. बेला आणि कोरपना यांच्यात एका छोट्या प्रवासाचे अंतर. त्यांच्या तापाच्या नोंदी मात्र एक हैदराबादेतून आणि दुसरी पुण्या-मुंबईतून दिल्लीकडे निघते. भेटल्याच, तर तिथेच भेटतात.

आणि मग राज्ये जेव्हा सीमेकडे पाहतात, तेव्हा त्यांना ती फक्त बंद करायची वस्तू दिसते. ११ मे २०२१ रोजी तेलंगणा सरकारने परराज्यातल्या कोविड रुग्णांना उपचारासाठी येण्यापूर्वी पूर्वपरवानगी बंधनकारक केली. राज्याच्या सीमेवर रुग्णवाहिका अडल्या. तीन दिवसांत तेलंगणा उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालय मधे पडले म्हणून बरे झाले. पण विचार करा, आदिलाबादचा आजारी माणूस नागपूरला जातो आणि नांदेड जिल्ह्यातल्या माहूरचा आदिलाबादला येतो. महाराष्ट्राने तसाच आदेश काढला असता तर पहिला फटका तेलंगणाच्याच या जिल्ह्याला बसला असता. हैदराबादेत बसून सीमावर्ती माणसाचे हित पाहता येत नाही, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा शोधूनही मिळणार नाही.

याच तेलंगणाने त्याच महिन्यात एक अतिशय शहाणपणाचे काम केले, तेही नोंदवले पाहिजे. घरोघरी ताप पाहणी. आशा आणि एएनएम कार्यकर्त्या दारोदार गेल्या, कोणाला ताप आहे, खोकला आहे विचारले आणि चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता औषधांची पिशवी हातात दिली. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनच्या वेळीही हेच केले. प्रयोगशाळा जिथे दूर आहे, तिथे लक्षणांवरून जोखीम ओळखण्याची ही पद्धत कितीतरी उपयोगी. यात खरे शहाणपण त्या आशाताईचे आहे. कोणत्या घरात म्हातारी आहे, कोण कालच नदीपलीकडच्या पांढरकवड्याहून परतले, कोणाच्या पोराला सिकलसेल आहे, हे तिला वहीत न पाहता माहीत असते. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. मानधनासाठी मात्र त्यांना आजही मोर्चे काढावे लागतात. जोखीम ओळखणारी सर्वांत तीक्ष्ण नजर या देशाकडे आहे आणि तिलाच सर्वांत कमी मोबदला मिळतो, ही अन्यायाची गोष्ट आहे.

एक आक्षेप इथे येणार. प्रत्येक गुड्यासाठी वेगळी सूचना काढत बसलो तर साथ हाताबाहेर जाईल. कायदा राज्याच्या हद्दीत चालतो, नदीच्या खोऱ्यात नाही. आक्षेपात दम आहे. १८९७चा साथरोग कायदा असो की आपत्ती व्यवस्थापन कायदा, अधिकार हद्दीनुसार केंद्र, राज्य आणि जिल्हाधिकारी यांच्याकडेच असतात. ते असू द्यावेत. मागणी अधिकार वाटून घेण्याची नाही, माहिती आणि सल्ला एकत्र ठेवण्याची आहे. आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर आणि आसिफाबाद या पाच जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्याला एकच समाईक तक्ता काढावा. ताप, जुलाब, कावीळ, श्वसनाचे आजार, गावाच्या पातळीवर. तो तेलुगू आणि मराठीत दोन्हीकडच्या प्राथमिक केंद्रांवर लागावा. गोंडीसाठी कागद पुरेसा नाही, तिथे कान हवेत. आकाशवाणीचे आदिलाबाद केंद्र गोंडी कार्यक्रम प्रसारित करत आले आहे, त्याचा आवाज दोन्ही काठांवर पोहोचतो. आणि सल्ल्याच्या शेवटी दोन ओळी सक्तीच्या असाव्यात. मागच्या वेळेपेक्षा काय बदलले आणि का.

जगाच्या पातळीवर हालचाल होते आहे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतले बदल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाले आणि ‘महासाथ आणीबाणी’ अशी नवी पायरी त्यात आली. देशांनी एकमेकांना वेळेवर माहिती द्यावी, असा या सगळ्याचा गाभा. जिनिव्हात जे देशांकडून मागितले जाते, ते एकाच देशातल्या दोन लगतच्या जिल्ह्यांना अवघड का जावे?

मोठ्या साथीची वाट पाहण्याचीही गरज नाही. पावसाळा लागला की दरवर्षी आदिलाबादच्या डोंगरवस्त्यांत हिवताप, डेंगी आणि अतिसार येतो, किनवट-माहूरच्या जंगलातही त्याच आठवड्यांत येतो. डास एकच, नाला एकच. निवडणुका आल्या की दोन्ही राज्यांचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक सीमा समन्वय बैठक घेतात. दारू, रोकड, वॉरंट असलेले आरोपी यांची यादी तिथे देवाणघेवाणीत असते. त्या बैठकीला दोन्हीकडचे आरोग्य अधिकारी बोलवावेत, आणि येत्या जून महिन्यापासून तापाचा तक्ताही त्याच यादीत असावा.